मॅथ्स घ्यायचं की बायो? दहावी झालेल्या इंदूरकरांसाठी

एप्रिल लागला की रामबागेतल्या आमच्या घराची घंटा संध्याकाळी सातनंतर थांबत नाही. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. त्यामुळे ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, "तुमच्या मावशींनी पत्ता दिला" म्हणणारे, सगळे येतात. चपला काढता काढताच प्रश्न येतो, "ताई, मॅथ्स घ्यायचं की बायो?" प्रश्न आईचा, उत्तर बाबांकडे तयार, आणि ज्याला पुढची दोन वर्षं ते पुस्तक घेऊन बसायचं आहे तो शेव-पोह्यांची बशी संपवण्यात दंग. दरवर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

नव्याने या भानगडीत पडणाऱ्यांसाठी आधी शब्द सांगते. दहावीपर्यंत विज्ञान हा एकच विषय होता. अकरावीत त्याचे तीन स्वतंत्र विषय होतात: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. गणित वेगळं. फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित घेतलं तर पीसीएम, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'मॅथ्स ग्रुप' म्हणतात तो. बायो घेतलं तर पीसीबी, 'बायो ग्रुप'. चारही घेतले तर पीसीएमबी. मध्य प्रदेश बोर्डात याशिवाय कृषी संकाय, म्हणजे शेतीची शाखाही आहे, पण शहरातल्या आपल्या घरांत त्याची चौकशी कुणी करत नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

पहिली पायरी: आधी फिजिक्स-केमिस्ट्रीचं बोला

मॅथ्स की बायो या भांडणात सगळे विसरतात की दोन विषय दोन्हीकडे तेच आहेत. बायो घेतलं म्हणजे गणितातून सुटका, असं समजून येणारी मुलं मला सर्वांत जास्त भेटतात. ती जुलैत रडवेली होऊन सांगतात, "मॅडम, फिजिक्स काही समजूनच नाही राहिलं." कसं समजेल? अकरावीच्या फिजिक्समध्ये गतीच्या प्रकरणातच डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढायचं गणित) येतं, पुढच्याच प्रकरणात व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) येतात. गंमत अशी की एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालतं त्या, गणिताच्या पुस्तकात लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्ह बाराव्या प्रकरणात आहे. म्हणजे मॅथ्सवाल्यांनाही ते वेळेवर मिळत नाही, आम्हा फिजिक्सवाल्यांनाच आधी शिकवून घ्यावं लागतं. फरक एवढाच की मॅथ्सवाल्यांना पुढे ते नीट मिळतं, बायोवाल्यांना आमच्याकडे मिळालं तेवढंच.

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीची नीट परीक्षा बघा. १८० प्रश्न, ७२० मार्क. बायोचे ३६०, फिजिक्सचे १८०, केमिस्ट्रीचे १८०. अर्धी परीक्षा बायोबाहेरची आहे, आणि कॅल्क्युलेटर न्यायला परवानगी नाही. लॉगॅरिदम, घातांक, दशांशाचे भागाकार, सगळं हाताने. तेव्हा गणिताचा कंटाळा हे बायो घेण्याचं कारण होऊ शकत नाही. गणिताचा खराखुरा धसका असेल तर सायन्सचाच पुन्हा विचार करा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी ठेच भाषेची. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेली मराठी माध्यमाची मुलं इथे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात बसतात. फिजिक्समध्ये फार अडत नाही. बल, वेग, त्वरण तेच राहतं, वस्तुमानाचं फक्त द्रव्यमान होतं. बायोत मात्र पेशीची कोशिका होते, ऊतीचं ऊतक होतं. तुम्ही पेशी म्हणालात तर इथल्या मुलांना कोर्टाची तारीख आठवते. केमिस्ट्रीत आम्लारीचं क्षारक होतं. नीट आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची जेईई मेन या दोन्ही मराठीत देता येतात, पण तो पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांपुरता. इंदूरला केंद्र घ्यायचं तर इंग्रजी किंवा हिंदी धरून चला. सुट्टीतच शब्दांची एक दोन रकान्यांची वही करा. पंधरा दिवसांचं काम आहे, पण ते केलेलं नसलं की मुलगा सहा महिने मठ्ठ ठरतो.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

सगळ्यांत कामाची गोष्ट ही. निर्णय घेण्याआधी दोन आठवडे अकरावीचा अभ्यास करून बघायचा. दहावीचे मार्क यात फारसे उपयोगी पडत नाहीत. दहावीला गणितात ९५ मिळवलेली मुलं ऑगस्टमध्ये पडतात आणि ८० वाली सावकाश वर येतात, हे इतक्या वेळा बघितलंय की मार्कशीट पुढे केली तरी मी ती उलटी ठेवते.

एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, हिंदीतही आणि इंग्रजीतही. पण पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. गणिताचं पहिलं प्रकरण संच, बायोचं पहिलं जीवसृष्टीची ओळख. दोन्ही सोपी आहेत आणि दोन्ही फसवतात. गणितात थेट त्रिकोणमितीचं प्रकरण घ्या. दहावीला साइनच्या किमती ०, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांच्या पाठ होत्या. आता १५ अंशांची काढायची. ४५ मधून ३० गेले की १५, हे सुचलं तर पुढचं सूत्र पुस्तकात आहे. सुचलं नाही तरी बिघडत नाही. उत्तर बघितल्यावर "अरे, मग ७५ चंही निघेल की" असं मनात आलं का, ते बघा.

फिजिक्सला हे करा. उज्जैनला महाकालाला जाताना गाडी ताशी ६० किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने येताना गर्दीमुळे ताशी ४०. सरासरी वेग किती? घरात प्रत्येकाला विचारा, सगळे ५० म्हणतील. उत्तर ४८ आहे, कारण कमी वेगाने जास्त वेळ गाडी चालली. इथवर ठीक. पण "उज्जैन किती लांब आहे हे सांगितलंच नाही, तरी उत्तर कसं निघालं?" असा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्याबद्दल मला काळजी नसते, त्याने पुढे काहीही घेवो.

केमिस्ट्रीला मोलची कल्पना. १८ ग्रॅम पाणी म्हणजे चहाचे जेमतेम साडेतीन चमचे, आणि त्यात पाण्याचे रेणू ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. हे वाचून डोकं गरगरलं तर हरकत नाही, सगळ्यांचंच गरगरतं. त्यावरची दहा उदाहरणं स्वतः सोडवता आली का ते महत्त्वाचं.

बायोसाठी सजीवांच्या वर्गीकरणाचं प्रकरण. व्हिटेकरने १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत वाटणी केली. ती पाच नावं पाठ होणं ही परीक्षा नव्हे. तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून घरातल्या कुणाला तरी समजावून सांगा, की पावावर येते ती बुरशी वनस्पतींत का धरत नाहीत. ती स्वतःचं अन्न तयार करत नाही, आणि तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज नसून कायटिन असतं. हे सांगताना पुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढे येत असेल, नावं आपोआप जागेवर बसत असतील, तर बायो तुमचं आहे. नावं डोक्यात रेतीसारखी घसरत असतील तर बारावीत त्याच्या दसपट नावं आहेत हे लक्षात घ्या.

आता वहीत काय लिहायचं? किती बरोबर आले ते नको. अडल्यावर काय केलं, ते लिहा. लगेच उत्तर बघितलं? मोबाइल उचलला? वही बदलून दुसरा विषय काढला? की जेवताना तेच उदाहरण घोळत राहिलं? कुठल्या विषयाचा अभ्यास टाळायला कारणं शोधली, आणि कुठल्या विषयाला बसलं की घड्याळ बघायचं राहून गेलं? चौदा दिवसांच्या चौदा ओळी. आई-बाबांनी ही वही लिहायची नाही, आणि रोज रात्री तपासायचीही नाही.

तिसरी पायरी: कुठलं दार बंद होतं

गणित सोडलं की काय जातं? इंजिनिअरिंगच्या जवळपास सगळ्या शाखा, म्हणजे आपल्याच गावचं १९५२ चं एसजीएसआयटीएस, विद्यापीठाचं आयईटी, सिमरोलचं आयआयटी. आर्किटेक्चर. एनडीएतून हवाई दल किंवा नौदल. तिथे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं, भूदलाला ही अट नाही. बीएस्सीला गणित, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स.

बायो सोडलं की एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यक आणि नर्सिंगकडची वाट जाते. फार्मसी दोन्ही ग्रुपना खुली आहे. कृषी पदवीसाठी राज्याची पीएटी परीक्षा आहे, तीही दोघांना देता येते. कायदा, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, सरकारी नोकरीच्या परीक्षा यांना तुमचा ग्रुप कुठला याच्याशी काही देणंघेणं नाही.

म्हणजे कागदावर दोन्ही पारडी सारखी दिसतात. प्रत्यक्षात नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने जाहीर केलं, की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून पास झालेल्यांनाही नीट देता येईल. पीसीएम करून नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं तर वाट आहे, लांबची असली तरी. गणितही जादा विषय म्हणून नंतर देता येतं, नियम आड येत नाही. पण बायोची प्रकरणं बरीचशी सुटी सुटी आहेत, एक वर्ष नेटाने बसलं तर होतात. गणितात अकरावीचं त्रिकोणमिती आणि फलन कच्चं असेल तर बारावीच्या इंटिग्रेशनला हातच लागत नाही. दोन वर्षं गणित सोडून परत त्याला हात घातलेली मुलं मी बघितली आहेत, तडीस नेलेली फार थोडी.

तेव्हा वहीत खरंच दोन्ही सारखं निघालं, मन कुठेच झुकत नसलं, तर मी गणिताकडे झुकते माप देते. पण हे फक्त बरोबरी झाली तर. ज्याच्या वहीत गणिताच्या दिवशी "पोट दुखलं" असं चार वेळा लिहिलंय, त्याला दार उघडं राहावं म्हणून गणितात कोंबणं हा अत्याचार आहे.

बायोवाल्यांच्या घरी एक हिशेब मी मुद्दाम मांडते. नीटला दरवर्षी २० लाखांच्या वर मुलं बसतात. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. बायो म्हणजे डॉक्टर एवढंच समीकरण घरात असेल तर बहुतेक मुलांच्या पदरी बारावीनंतर पहिला शब्द 'ड्रॉप', म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा, हाच पडणार. बायो आवडत असेल तर डॉक्टरकीपलीकडची दोन नावं तरी आत्ताच माहीत करून घ्या: मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फिजिओथेरपी, शेती.

शेती म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना मी इंदूरच्याच कृषी महाविद्यालयाची गोष्ट सांगते. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथेच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. काडीकचरा आणि शेणापासून खत करण्याची त्यांची रीत आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, आणि त्या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. आपल्या गावाचं नाव विज्ञानात ज्या गोष्टीमुळे गेलं ती सेंद्रिय खताची, आणि आपल्या घरांत अकरावीला कृषी हा शब्द उच्चारला तर आजी पाण्याचा पेला पुढे करते.

चौथी पायरी: चारही घेणाऱ्यांनो

"पीसीएमबी घेऊन ठेवू, मग बघू." हा सल्ला द्यायला सोपा आहे. 'मग बघू' हेच कारण असेल तर घेऊ नका. आठवड्यात तास तेवढेच असतात. चार विषय, चौघांचे टेस्ट, तीन प्रयोगवह्या, त्यावर भाषा. नोव्हेंबरपर्यंत चारही अर्धे राहतात आणि मग एक सोडला जातो, तो नेमका आवडता असतो.

दोन तऱ्हेच्या मुलांना मात्र मी स्वतः चार घ्यायला सांगते. एक, ज्यांना खरंच मूळ विज्ञानात जायचंय. भोपाळच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेच्या प्रवेशासाठी जी आयएटी परीक्षा होते, तिच्यात ६० प्रश्न असतात, चारही विषयांचे १५-१५. चारही शिकलेल्याला तिथे उघड फायदा आहे. दोन, ज्यांना दोन विषयांच्या सीमेवरचं काही आवडतं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात, म्हणजे आपण ज्याला अजूनही कॅट म्हणतो तिथे, इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवून त्यांच्यापासून क्ष-किरण मिळवणारं यंत्र, २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचं. त्याच्या क्ष-किरणांनी प्रथिनांच्या स्फटिकांची रचना बघतात. ते काम बायोचं की फिजिक्सचं? विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्रात लोकांना आत बघायला मिळतं, तेव्हा मुलांना घेऊन जा. परत येताना मूल मशीनबद्दल बोलतंय की प्रथिनाबद्दल, हे गाडीत गुपचूप ऐका.

पाचवी पायरी: पाचवा विषय

यावर दोन मिनिटंही कुणी घालवत नाही. इंग्रजी आणि तीन मुख्य विषय धरले की सीबीएसईत पाचवा तुमच्या मर्जीचा. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्क्यांची अट आहे (किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची), आणि त्या टक्क्यांत हा पाचवा विषयही मोजला जातो. म्हणून हलका पण मार्क देणारा घ्या, किंवा खरोखर आवडणारा. फिजिकल एज्युकेशन बहुतेक जण घेतात. कॉम्प्युटर सायन्स आणि इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस हे दोन वेगळे विषय आहेत आणि दोन्ही एकत्र मिळत नाहीत. पहिल्यात पायथनचं प्रोग्रॅमिंग खोलात, दुसऱ्यात डेटा हाताळणं जास्त. दोन्हींत ३० मार्क प्रॅक्टिकलचे. बायोवाल्यांना कॉम्प्युटर घेता येत नाही, ही एक अफवा आहे. नियमात बसतं, शाळेच्या टाइमटेबलात बसतं का ते विचारा.

सहावी पायरी: शाळा आणि कोचिंग

भंवरकुआं आणि गीता भवनच्या बाजूला एक फेरी मारली की प्रत्येक खांबावर कुणाची तरी रँक लटकलेली दिसते. तिथे चौकशीला जाण्याआधी विषय ठरलेला असू द्या. आमच्या भाच्याला एका ठिकाणच्या कौन्सेलरने वीस मिनिटांत बायोचा मॅथ्स केला होता, कारण त्या बॅचमध्ये जागा शिल्लक होत्या. फी एकरकमी भरू नका. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय, की मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. पावतीवर तसं लिहून द्यायला सांगा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

डमी प्रवेशाबद्दल, म्हणजे शाळेत नाव फक्त कागदावर आणि दिवसभर कोचिंग, एकच सांगते. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते, आणि प्रॅक्टिकलचे ३० मार्क शाळेच्या प्रयोगशाळेतूनच येतात. ज्याने व्हर्नियर हातात धरला नाही त्याला मी तो फोटोवरून शिकवू शकत नाही.

शाळा निवडताना लॅब उघडायला सांगा. सूक्ष्मदर्शकावर धूळ आहे का, ब्युरेट किती आहेत, लॅब असिस्टंट आहे का. चकचकीत स्मार्टबोर्ड दाखवतील, त्याकडे दुर्लक्ष करा.

सातवी पायरी: कागद आणि तारखा

इथल्या बहुतेक सीबीएसई शाळांत अकरावीचे वर्ग एप्रिलमध्येच, दहावीच्या निकालाआधी, सुरू होतात. मग उन्हाळ्याची सुट्टी, आणि जूनमध्ये पुन्हा. म्हणजे ती दोन आठवड्यांची वही बोर्डाचा शेवटचा पेपर आणि एप्रिलचा पहिला आठवडा यांच्या मध्ये उरकायची. दहावीला सीबीएसईच्या दोन गणितांपैकी सोपं, म्हणजे बेसिक गणित घेतलं असेल तर अकरावीत पूर्ण गणित मिळेल का, हे शाळेला सगळ्यांत आधी विचारा. अप्लाइड मॅथेमॅटिक्स हा वेगळा विषय आहे, तो कॉमर्स-अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी बेतलेला. नुसतं 'मॅथ्स आहे ना' म्हणून सही करू नका.

बाहेरून आलेल्यांनी मार्कशीट, टीसी आणि आधीच्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणावं. मध्य प्रदेशात समग्र आयडीही मागतात: कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. नवीन आलेल्यांना तो माहीतच नसतो आणि फॉर्मच्या शेवटच्या दिवशी धावपळ होते. वॉर्ड किंवा झोन कार्यालयात आधीच काढून ठेवा.

विषय बदलायचा झाला तर जुलैच्या आत. बोर्डाकडे अकरावीचं रजिस्ट्रेशन गेलं की बदल अवघड होतो, आणि बारावीत नवा विषय सहसा मिळत नाही, कारण अकरावी-बारावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात. पहिल्या युनिट टेस्टला मार्क कमी पडले म्हणून मात्र बदलू नका. त्या टेस्टला सगळ्यांचेच कमी पडतात, आमच्या वेळीही पडले होते.

एवढं करूनही अडलं तर या. सात वाजेपर्यंत बॅच असते, त्यानंतर. मार्कशीट घरी ठेवली तरी चालेल, ती चौदा ओळींची वही तेवढी आणा.